तळाला गेलेला लिथियम सेल: कधी जागा करायचा, कधी सोडून द्यायचा

मे महिन्याच्या सुट्टीत इलेक्ट्रिक स्कूटर सोसायटीच्या पार्किंगमध्ये तशीच राहते. पाऊस सुरू झाल्यावर, कॉलेज उघडताना कव्हर काढलं जातं, किल्ली फिरवली तर डिस्प्ले उजळत नाही. चार्जर लावला तरी त्याचा दिवा लाल होत नाही, हिरवाच राहतो. बॅटरी भरली म्हणून तो हिरवा नसतो. बीएमएसनं, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटनं, दार लावून घेतलंय आणि चार्जरमधून करंटच जात नाहीये, म्हणून तो हिरवा असतो. कोपऱ्यात पडलेला कॉर्डलेस ड्रिल, वर्षभर न वापरलेली इमर्जन्सी लाइट, जुना पॉवर बँक, सगळ्यांची गोष्ट हीच.

इथे पहिला मोह असतो ‘किक’ द्यायचा: बीएमएस वगळून थेट सेलवर करंट ढकलायचा, थोडा व्होल्टेज चढला की नेहमीचा चार्जर लावायचा. कधी कधी हे चालूनही जातं, म्हणून तर ही युक्ती टिकून आहे. पण खोल उतरलेला सेल पडून असताना बहुधा शांत असतो, कारण त्याच्यात ऊर्जाच उरलेली नसते. नुकसान पडून राहताना होतं, पेट मात्र तो भरताना किंवा भरल्यावर घेतो. त्यामुळे भरण्याआधी काय काय पाहायचं, यातच बहुतेक काम आहे.

आत काय बिघडतं

लिथियम-आयन सेलमध्ये दोन पत्रे गुंडाळलेले असतात. धन बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा, ऋण बाजूला तांब्याचा, आणि तांब्यावर ग्रॅफाइटचा लेप. ग्रॅफाइटमध्ये थोडं तरी लिथियम आहे तोवर तांबं सुरक्षित असतं. शेवटचं लिथियम निघून गेलं की ग्रॅफाइटचं विद्युत पातळीवरचं स्थान झपाट्यानं वर चढतं. धातुरूप लिथियमच्या तुलनेत ते साधारण साडेतीन व्होल्टच्या आसपास पोचलं की तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतं. बाहेरून मोजलं तर त्या वेळी सेल शून्याच्या जवळपास दिसतो.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत कुणालाही विचारा, कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं. तांबं ताकात उतरतं. इथेही तसंच होतं. तुलना अगदी तंतोतंत नाही, कारण कल्हई थर देऊन अडवते आणि सेलमध्ये व्होल्टेज अडवतं. पण राखण संपली की धातू उतरतो, हे दोन्हीकडे सारखं.

खरा घोळ पुढे आहे. इलेक्ट्रोलाइटमध्ये उतरलेलं तांबं सेल परत भरायला घेतला की पुन्हा धातू होऊन बसतं, पण मूळ पत्र्यावर नीट परत जात नाही. ते ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर, सेपरेटरच्या छिद्रांत, जागा मिळेल तिथे काट्यांसारखं वाढतं. सेपरेटर ही साधारण १५ ते २५ मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची जाळी, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. त्यातून एखादा काटा आरपार गेला की आतल्या आत शॉर्ट. सुरुवातीला हा शॉर्ट किरकोळ असतो, सेल फक्त जरा लवकर उतरतो. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये, उन्हाळ्याच्या दुपारी, तोच काटा गरम होऊन मोठा घात करू शकतो.

तांब्याच्याही आधी आणखी एक नुकसान सुरू झालेलं असतं. ग्रॅफाइटवर एक पातळ संरक्षक थर असतो, ज्याला तंत्रज्ञ एसईआय म्हणतात. खोल उतरताना तो फाटतो आणि वायू सुटतो. पाउच सेल, म्हणजे मऊ पिशवीतला चपटा सेल, फुगतो तो यामुळेच. दंडगोल सेलचा पोलादी डबा फुगत नाही, म्हणून त्याचं पोट बिघडलेलं बाहेरून कळत नाही. पुन्हा भरताना हा थर नव्यानं बनतो आणि त्यासाठी सेलमधलंच लिथियम खर्ची पडतं. वाचलेल्या सेलचीही क्षमता कायमची कमी होते आणि आंतरिक रोध वाढतो तो असा.

मालिकेत जोडलेल्या सेलची अवस्था याहून वाईट होते. बीएमएस नसेल किंवा वगळलेला असेल तर कमजोर सेल शून्यावर आल्यावरही बाकीचे सेल त्याच्यातून करंट रेटत राहतात. मग तो शून्याच्या खाली, उणे व्होल्टेजमध्ये जातो. तांबं विरघळायचा वेग इथे सगळ्यात जास्त. उलटा झालेला सेल नंतर मीटरवर चांगला दिसला तरी तो वाचवायचा नाही.

(एलटीओ, म्हणजे लिथियम टायटॅनेट रसायनाच्या आणि सोडियम-आयन सेलमध्ये ऋण बाजूलाही अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वापरता येतो, त्यामुळे तांब्याचा हा धोका तिथे नाही. पुढचं सगळं नेहमीच्या ३.६-३.७ व्होल्टच्या सेलबद्दल आहे. एलएफपीचे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचे, आकडे जिथे वेगळे आहेत तिथे सांगितले आहेत.)

आधी मोजा, मग ठरवा

लागणाऱ्या वस्तू: बरा डिजिटल मल्टिमीटर, करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधून ठेवता येणारा डीसी पॉवर सप्लाय, सेल होल्डर किंवा क्लिपा, कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप, चष्मा, आणि सेलच्या अंगाला चिकटवायला तापमानाचा प्रोब. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एक चक्कर मारली तर बहुतेक वस्तू मिळतात. काम फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर करायचं. जवळ कोरड्या वाळूची बादली आणि पाण्याची सोय हवी. गादी, पडदे, दिवाण यांच्या जवळ नको. पॅक उघडणार असाल तर अंगठी, घड्याळ, कडं आधी काढून ठेवा. सेलच्या दोन टोकांवर धातू पडला तर तो लाल होतो. पॅक वॉरंटीत असेल तर उघडूच नका, कंपनीकडे द्या.

सेल फुगला आहे, कुठे ओल आहे, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास येतोय, डब्याला गंज आहे, वेष्टनाखाली खड्डा पडलाय, यांतलं एकही दिसलं तर मोजण्यात वेळ घालवू नका. तो टाकायचाच.

मीटरवर शून्य दिसलं म्हणून सेल शून्यावर आहे असं लगेच धरू नका. मोबाइलच्या बॅटरीत आणि बऱ्याच सुट्या सेलवर छोटी संरक्षक पट्टी असते. तिच्यावरची डीडब्ल्यू०१ जातीची आयसी सेल साधारण २.४ व्होल्टवर आला की बाहेरचं कनेक्शन तोडते. म्हणून पट्टीच्या बाहेर शून्य दिसतं आणि आत सेलच्या टॅबवर २.३ असू शकतात. असा सेल मेलेला नाही, झोपलेला आहे. चार्जर लावला की पट्टी आपणहून जागी होते. दुसरी शक्यता दंडगोल सेलमध्ये: आतला दाब वाढून टोपीखालची सुरक्षा चकती उडालेली असते. मग मीटरवर काही मिलिव्होल्ट इकडेतिकडे भरकटताना दिसतात, स्थिर आकडा येत नाही. चकती उडालेला सेल परत जोडायचा प्रयत्न अजिबात करू नका.

सेल कसा उतरला हेही विचारात घ्या, कारण आकड्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. टॉर्चसारख्या जड लोडनं सेल क्षणभर १.८ व्होल्टवर ओढला गेला आणि लोड काढल्यावर तासाभरात २.९ वर परत आला, तर आत अजून लिथियम आहे, नुकसान थोडं. पण महिनाभर पडून, थेंबाथेंबानं उतरून १.८ वर आलेला सेल म्हणजे खरोखर तळ गाठलेला. तो वर उसळत नाही. दोन्हींचा आकडा तोच, दशा वेगळी. म्हणून लोड काढून किमान तासभर थांबून मगच मोजायचं.

आता निर्णय. २.५ व्होल्ट किंवा जास्त असेल तर नेहमीसारखा भरा, काळजीचं कारण नाही. २.० ते २.५ मध्ये असेल तर खाली सांगितल्याप्रमाणे हळू भरा, बहुतेक सेल वाचतात. १.५ ते २.० मध्ये असेल आणि तिथे पोचून काहीच दिवस झालेत अशी खात्री असेल, तरच प्रयत्न करा, आणि वाचला तरी पॅकमध्ये घालू नका. १.५ च्या खाली आठवड्याहून जास्त राहिलेला, किंवा किती दिवस राहिला हेच माहीत नसलेला सेल टाकून द्या. एलएफपीत २.५ च्या वर निर्धास्त राहा, २.० च्या खाली संशय धरा. एका १८६५० (नेहमीच्या दंडगोल) सेलची किंमत आणि घर यांची तुलना करायला लागू नये.

पॅकचा एकूण व्होल्टेज फसवतो

स्कूटरच्या ‘४८ व्होल्ट’ पॅकमध्ये समांतर जोडलेल्या सेलचे बहुधा १३ गट मालिकेत असतात. पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट, रिकामा होताना ३९ च्या आसपास. समजा मीटरवर ३७.२ दिसले. तेराने भागलं तर प्रत्येकी २.८६ येतात, म्हणजे थोडासाच खाली, हरकत नाही असं वाटतं. पण १२ गट ३.०५ वर आणि एक ०.६ वर असेल तरी बेरीज ३७.२ च येते.

आणि अशा पॅकला बीएमएस वगळून ५४.६ चा चार्जर लावला, तेरावा गट आतून शॉर्ट होऊन शून्यावर बसून राहिला, तर चार्जर बाकीच्या बारांनाच ५४.६ देतो. बारांनी भागा: प्रत्येकी ४.५५ व्होल्ट. म्हणजे एक सेल खोल उतरला होता म्हणून बाकीचे बारा गट जास्त भरले गेले. पॅक पेटतो तो अनेकदा या चांगल्या सेलमुळे, बिघडलेल्यामुळे नव्हे. बीएमएस वगळून पूर्ण पॅकला किक देऊ नका, असं आम्ही इतकं ठासून सांगतो ते यासाठी.

म्हणून बीएमएसकडे जाणाऱ्या पातळ बॅलन्स तारांच्या कनेक्टरवर प्रत्येक गट वेगळा मोजा आणि कागदावर १ ते १३ असे आकडे लिहून काढा. मीटरची टोकं कनेक्टरमधल्या शेजारच्या दोन पिना एकमेकींना टेकवणार नाहीत याची काळजी घ्या. टोकांवर टेप गुंडाळून फक्त दोन मिलिमीटर उघडी ठेवली की पुरतं. सगळे गट एकमेकांच्या ०.१ व्होल्टच्या आत असतील तर पॅक एकसारखा उतरला आहे, आशा आहे. एकच गट तळाला असेल तर त्या गटात काहीतरी गळतंय. समांतर जोडलेल्या आठ सेलपैकी एक जरी आतून शॉर्ट असला तरी तो बाकीच्या सातांना पिऊन टाकतो. निकेल पट्टी कापून सेल सुटे केल्याशिवाय चोर कोण ते सापडत नाही, आणि हे काम स्पॉट वेल्डर असलेल्या जाणत्या माणसाचं आहे.

हळू भरण्याची रीत

सेल खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मे महिन्यात दुपारी ४० अंशांत हे काम नको, सकाळी करा.

पॉवर सप्लाय सेलला जोडण्याआधी व्होल्टेज ३.० वर आणि करंट क्षमतेच्या विसाव्या भागावर बांधा. २५०० मिलिअँपिअर-तासाच्या सेलला १२५ मिलिअँपिअर. करंट बांधताना सप्लायची दोन टोकं एकमेकांना जोडून आकडा लावायचा, मग सोडायची, मग सेल. धन-ऋण दोनदा तपासा. खोल उतरलेल्या सेलवर ठिणगी उडत नाही, त्यामुळे उलटं जोडलेलं पटकन लक्षातच येत नाही. प्रोब सेलच्या मधोमध चिकटवा आणि घड्याळ लावा.

चांगला सेल पहिल्या काही मिनिटांतच २.५ ओलांडतो आणि मग सावकाश ३.० कडे सरकतो. एक तास ही मर्यादा. तासाभरात १२५ मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमतेच्या पाच टक्के, आत गेलेले असतात. एवढं पोटात जाऊनही ३.० दिसत नसेल तर ते साठत नाहीये, कुठेतरी गळतंय. थांबा, सेल बाद. तापमानाचंही तसंच. १२५ मिलिअँपिअर गुणिले ३ व्होल्ट म्हणजे अर्ध्या वॅटहूनही कमी, एवढ्यानं निरोगी सेल तापूच शकत नाही. खोलीपेक्षा पाच अंशांनी जास्त गरम लागला तर आत शॉर्ट आहे. क्लिप काढा आणि सेल बाहेर गच्चीत किंवा अंगणात नेऊन ठेवा.

वेग इतका कमी का? फाटलेला एसईआय थर पुन्हा धरायला वेळ लागतो. त्याआधी जोरात करंट दिला तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वर धातू होऊन साचतं. आधीच तांब्याचे काटे, त्यात लिथियमचे.

पॅकमधला एखादा गट भरायचा असेल तर सप्लाय त्याच गटाच्या दोन बॅलन्स तारांवर लावता येतो. या तारा बारीक असतात, म्हणून गट २० अँपिअर-तासाचा असला तरी अर्ध्या अँपिअरच्या वर जाऊ नका. मर्यादा मग दोन तासांची धरा. पॅक त्या वेळी गाडीपासून आणि चार्जरपासून सुटा असला पाहिजे.

टीपी४०५६ ही चार्जिंग आयसी असलेली छोटी पट्टी खूप जण यासाठी वापरतात. ती २.९ व्होल्टच्या खाली ठरलेल्या करंटच्या दहाव्या भागानं भरते, इथवर ठीक. पण सेल किती खाली गेला होता हे ती विचारत नाही. शून्यावरचा सेलही ती मुकाट्यानं भरायला घेते, आणि २.९ ओलांडताच १.२ किलोओहमच्या रेझिस्टरसह थेट एक अँपिअर सोडते. ती वापरायचीच असेल तर तो रेझिस्टर बदलून २.४ किलोओहमचा घाला, म्हणजे कमाल करंट सुमारे ५०० मिलिअँपिअर राहील. आणि उठून जाऊ नका. हॉबी चार्जरवर निकेल बॅटरीचा मोड लावून लिथियम सेल ‘उठवायची’ रीतही चालते. त्या मोडला ४.२ ची मर्यादा ठाऊक नसते, म्हणून आम्ही ती सुचवत नाही.

खरी परीक्षा पडून राहण्याची

३.० गाठला म्हणजे सेल वाचला, इथेच बहुतेक जण फसतात. तांब्याचे काटे असलेला सेलही ३.० गाठतो, ४.२ सुद्धा गाठतो. आंतरिक रोध मोजला तरी बारीक शॉर्ट त्यात दिसत नाही. तो दिसतो फक्त वेळ गेल्यावर.

लगेच पूर्ण भरू नका. क्षमतेच्या पाचव्या भागानं, म्हणजे ५०० मिलिअँपिअरनं, ३.५ व्होल्टपर्यंत आणा आणि थांबा. याला दोन कारणं आहेत. या पातळीवर सेलमध्ये ऊर्जा थोडी, त्यामुळे बिघडला तरी नुकसान कमी. आणि इथे व्होल्टेजची उतरण तीव्र असते, थोडीशी गळतीही आकड्यात पटकन उमटते. चार्ज थांबवल्यावर व्होल्टेज आपोआप थोडा खाली बसतो, ते नैसर्गिक आहे. बारा तासांनी पहिला आकडा घ्या, तिथून तीन दिवस रोज त्याच मीटरनं, शक्य तर त्याच वेळी मोजा. दोन-चार मिलिव्होल्टचा फरक चालेल. रोज दहा-वीस मिलिव्होल्ट पडत असतील तर सेल सोडून द्या.

यात पास झाला तर ४.२ पर्यंत भरा, करंट १२५ मिलिअँपिअरपर्यंत उतरला की बंद. एक दिवसानं आकडा लिहा, मग सेल दोन आठवडे मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूवर, पावसा-उन्हापासून दूर ठेवा. या काळात ४.१० च्या खाली आला तर बाद. टिकला तर ५०० मिलिअँपिअरनं २.८ पर्यंत उतरवून क्षमता मोजा. लिहिलेल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून कमी भरली तर ठेवण्यात अर्थ नाही.

एवढं पार केलेला सेलही एकटा, संरक्षक पट्टीसह, हलक्या कामाला वापरा: एफएम रेडिओ, छोटा एलईडी दिवा. स्कूटर, ड्रिल, पॉवर बँक, उशाशी राहणारं काहीही, यांत नको. सगळे गट एकसारखे २.० च्या वर सापडलेल्या पॅकची गोष्ट वेगळी. तो हळू भरून वापरात आणता येतो, फक्त बॅलन्स व्हायला, म्हणजे सगळे गट एका पातळीवर यायला, वेळ द्या. साध्या बीएमएसचा बॅलन्स करंट ५० मिलिअँपिअरच्या घरात असतो. २० अँपिअर-तासाचा गट दहा टक्के मागे असेल तर दोन अँपिअर-तासांचा फरक मिटायला ४० तास लागतात. पहिल्या रात्री पॅक एकसारखा झाला नाही म्हणून घाबरू नका, पण चार्जर लावून झोपूही नका.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

सेल स्वतःहून फार हळू उतरतो. पॅक रिकामा करतात ते बीएमएस, ब्लूटूथ, जीपीएस आणि अलार्म. २० अँपिअर-तासाचा पॅक पाच टक्क्यांवर सोडला तर उरला एक अँपिअर-तास. गाडी बंद असताना ५ मिलिअँपिअर जात असतील तर २०० तास, म्हणजे सव्वाआठ दिवस. सुट्टी दीड महिन्याची.

गावी जाताना पॅक ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, १३ गटांच्या पॅकला ४८ ते ४९ व्होल्ट. सीटखाली एमसीबी असेल तर पाडा, पॅक निघत असेल तर काढून घरात सावलीत ठेवा. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेमध्ये नको. दोन महिन्यांनी एकदा मोजायला शेजाऱ्यांना सांगून ठेवा. आणि शून्य टक्क्यांवर घरी पोचलात तर अर्धा तास गार होऊ देऊन त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा, ‘उद्या बघू’ नको.

टाकायचा सेल घंटागाडीत द्यायचा नाही, ओल्यात नाही आणि सुक्यातही नाही; कचरा दाबणाऱ्या गाडीत तो चिरडला जातो आणि आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून आधी विक्रेत्याला विचारा. नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या ई-कचरा केंद्रात द्या. मिठाच्या पाण्यात बुडवून ‘निष्क्रिय’ करण्याचा उद्योग घरी नको, पॅकच्या व्होल्टेजला त्यातून वायू सुटतात आणि टोकं गंजून सेल गळतो. दोन्ही टोकांवर टेप लावा, प्रत्येक सेल वेगळ्या कागदात गुंडाळा, आणि टेपवर मार्करनं ‘बाद, भरू नये’ आणि मोजलेला सर्वांत कमी व्होल्टेज लिहा, म्हणजे भंगारातून तो उचलणारा माणूस त्याला पुन्हा चार्जरवर लावणार नाही.